गट क्रमांक सतरा

नवीन नेटवर्क कार्ड का चालत नाही, हे अभिनंदन मगदूमला पहिल्याच दिवशी, सोमवारी दुपारी कळलं होतं. पुढचे दोन दिवस त्याने ते कारण खोटं ठरावं म्हणून घालवले.

मिरजेच्या संवाद केंद्रात तो सहा वर्षं सर्व्हर सांभाळत होता. पक्षाघाताने ज्यांची वाचा गेली आहे, अशा माणसांना हे केंद्र पुन्हा बोलतं करायचं. अशा माणसाच्या मेंदूत शब्द तयार होतच असतात. जीभ, ओठ, जबडा कसा हलवायचा याचे हुकूमही सुटतात, फक्त ते खाली पोचायची वाट बंद झालेली असते. केंद्रातले डॉक्टर कवटीखाली नखाएवढी एक चकती बसवत. ती चकती हे हुकूम वाटेतच वाचून केंद्राच्या सर्व्हरकडे पाठवी. सर्व्हर त्यातून उच्चार ओळखे आणि उच्चारांची यादी रुग्णाच्या छातीवरच्या डबीकडे परत धाडी. डबीत त्या माणसाचा जुना आवाज भरलेला असे, लग्नाच्या व्हिडिओंतून आणि फोनवरच्या निरोपांतून गोळा केलेला. डबी त्याच आवाजात बोलायची. बोलायचं मनात आल्यापासून कानावर पडेपर्यंतचं हे सगळं काम सेकंदाच्या सातव्या हिश्शात व्हायला लागे. उशीर झाला की माणसाला स्वतःचंच बोलणं मागाहून ऐकू येतं. मग तो अडखळतो, आणि थोड्या वेळाने प्रयत्नच सोडून देतो.

प्रत्येकाचा मेंदू निराळा, म्हणून प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र संगणक हवा. पण तितके संगणक न मांडता एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवायचे, ही जुनीच रीत आहे. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एरवी अशा मशीनचं बाहेरच्या जगाशी बोलणं यजमान संगणकामार्फत चालतं. यजमान माहितीचं प्रत्येक पुडकं हातात घेतो, पाहतो, पुढे देतो, आणि त्यात वेळ जातो. म्हणून केंद्रात प्रत्येक रुग्णाच्या मशीनला एक खरंखुरं नेटवर्क कार्ड थेट हवाली केलेलं होतं. यजमानाने त्या कार्डावरचा हक्क सोडायचा आणि मध्ये यायचं नाही. या हवाली करण्याला पासथ्रू म्हणतात.

सर्व्हरवर आठ रुग्ण होते. नववे प्रल्हाद चौगुले. त्यांच्यासाठी आणलेलं कार्ड अभिनंदनने शेवटच्या रिकाम्या स्लॉटमध्ये बसवलं, आणि त्यांचं मशीन सुरूच होईना.

त्याने नेहमीच्या गोष्टी नेहमीच्या क्रमाने पाहिल्या. बोर्डावरची सेटिंग बरोबर होती. सर्व्हर सुरू होताना यजमानाचाच ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, ते ताब्यात घेत होता. त्याने ते सोडवलं. तरी मशीन उठेना. पडद्यावर ओळ आली की सतरा क्रमांकाचा गट देता येत नाही. त्याने गटांची यादी काढली. आठवं कार्ड आणि नववं कार्ड, दोन्ही सतरा क्रमांकाच्या एकाच गटात होती.

मदरबोर्डावर जी कार्डं एकाच पुलामागे, म्हणजे यजमानाकडे जाणाऱ्या एकाच जोडणीमागे, बसतात, ती एका गटात धरली जातात. यजमानाच्या दाराशी एक पहारेकरी असतो. कुठल्या मशीनच्या कार्डाने संगणकाच्या स्मृतीच्या कुठल्या भागाला हात लावायचा, हे तो तपासतो. पण एकाच पुलामागची दोन कार्डं या पहारेकऱ्याच्या नजरेआडून एकमेकांशी व्यवहार करू शकतात. म्हणून नियम असा, की गट द्यायचा तर सगळाच्या सगळा एका मशीनला द्यायचा. आठवं कार्ड शैलजा हळबे नावाच्या बाईंचं होतं, नववं चौगुल्यांचं. दोघांना एक गट देता येत नव्हता. वेगळा पूल असलेला जोडबोर्ड मागवला तर पाच-सहा आठवडे लागणार होते.

मंगळवारी त्याने चौगुल्यांना यजमानामार्फत जोडून पाहिलं. त्यांचा उच्चार अर्ध्या सेकंदाने येऊ लागला. चौगुले तीस वर्षं तासगावच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, गाड्या पुकारायचे. चौदा महिन्यांनी स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी डोळे विस्फारले, दुसऱ्या शब्दाला ते गोंधळले, आणि चौथ्या शब्दाला त्यांनी डबी हाताने झाकली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, छायाकाकूंनी, अभिनंदनकडे पाहिलं.

गुरुवारी चौगुल्यांना सगळ्यांसमोर बोलतं करायचा कार्यक्रम ठरलेला होता. पाहुणे येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. केंद्राच्या प्रमुख डॉ. केतकी जमदग्नी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की गुरुवारपर्यंत होईल ना? जमणार नाही असं त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी कार्यक्रम पुढे ढकलला असता. त्या तशा बाई होत्या. पण सहा वर्षांत अभिनंदनने ‘जमणार नाही’ हे शब्द केंद्रात कधी उच्चारले नव्हते, आणि त्याचं त्याला फार कौतुक होतं.

बुधवारी सकाळी त्याने सर्व्हरच्या सुरुवातीच्या सूचनांमध्ये एक ओळ वाढवली. ही ओळ या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. ती गट वेगळे करत नाही. गट वेगळे आहेत असं समजून चाल, एवढंच ती यजमानाला सांगते. घरी, स्वतःच्या संगणकावर, हौसेखातर माणसं ती वापरतात. रुग्णांच्या सर्व्हरवर ती वापरायची नाही असं केंद्राच्या नियमावलीत लिहिलेलं होतं, आणि तो भाग अभिनंदननेच लिहिला होता.

मशीन पहिल्या झटक्यात उठलं.

संध्याकाळी त्याने तपासणीचा अर्ज भरला. सातवा प्रश्न होता, प्रत्येक रुग्णाचं यंत्र स्वतंत्र गटात आहे का? त्याने ‘होय’च्या चौकटीत खूण केली. जोडबोर्डही मागवला. तो आला की ओळ काढून टाकू, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्यामुळे आपण खोटं लिहिलं नाही, फक्त थोडं आधी लिहिलं, असं त्याला वाटलं.

गुरुवारी चौगुले बोलले. सभागृहात पन्नासेक माणसं होती. डॉक्टरांनी त्यांना काहीही बोला म्हणून खूण केली. चौगुल्यांनी पाहुण्यांकडे न बघता बायकोकडे बघितलं आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, “छाया, जेवलीस का?” काकू पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग रडल्या. कार्यक्रम संपल्यावर चौगुल्यांनी अभिनंदनचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्या क्षणाचा फोटो छापून आला. अभिनंदनच्या बायकोने, सुप्रियाने, तो कापून फ्रिजवर चिकटवला.

पाचव्या आठवड्यात जोडबोर्ड आला. सर्व्हर दोन तास बंद ठेवून तो बसवावा लागणार होता. नऊ रुग्णांना कळवायचं, कारण सांगायचं. तो खोका चार दिवस टेबलाखाली पडून राहिला. चौथा दिवस रविवार होता.

सोमवारी सकाळी चौगुल्यांची तक्रार आली. ते पुतण्याला घेऊन स्वतःच केंद्रात आले होते. डॉ. जमदग्नींनी अभिनंदनलाही खोलीत बोलावलं. चौगुल्यांनी थोडक्यात सांगितलं. रविवारी दुपारी ते आणि छायाकाकू दोघंच घरी होते. काकू ताट वाढत होत्या. चौगुले काही बोलत नव्हते, भाकरी कुस्करत होते. अचानक डबी बोलली, त्यांच्याच आवाजात: “इतकी वर्षं नुसती काढली. जीव कधी लागलाच नाही.”

काकूंनी ताट खाली ठेवलं. संध्याकाळी त्या भिलवडीला भावाकडे निघून गेल्या.

“मी असं बोललोच न्हाई,” चौगुले म्हणाले. “पन आवाज माझा. मी नगं नगं म्हनत हुतो, तेबी त्याच डबीतनं. तिनं कुठलं खरं धरायचं?”

डॉ. जमदग्नींनी त्यांना समजावलं. त्या हळुवारपणे बोलल्या, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. माणूस मनातल्या मनातही बोलत असतो. त्या बोलण्याचेही बारीक हुकूम मेंदूत उमटतात, आणि हजारात दोन-तीन वेळा चकती तेही उचलते. रुग्णाचा त्यात काही दोष नसतो. पण यंत्र स्वतः वाक्यं रचत नाही, असं त्या म्हणाल्या. डबीतून जे आलं, ते कुठेतरी होतं.

चौगुले खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे माझ्या मनात हुतं आणि मलाच ठावं न्हवतं?”

अभिनंदनला त्या वेळी खात्री नव्हती, नुसती शंका होती. तपासून सांगतो म्हणून तो उठला.

सर्व्हरच्या नोंदी काढायला त्याला वीस मिनिटं लागली. रविवारी एक वाजून नऊ मिनिटांपासून एक वाजून तेरा मिनिटांपर्यंत चौगुल्यांच्या मशीनने एकही उच्चार बाहेर पाठवला नव्हता. तरी त्यांच्या कार्डाने एक वाजून बारा मिनिटांनी एक पुडकं धाडलेलं होतं. मशीनने दिलेलंच नाही असं पुडकं कार्डाकडे आलं कुठून? त्याच मिनिटाला, त्याच सेकंदाला, शैलजा हळब्यांच्या मशीनने पाठवलेलं एक पुडकं वाटेत हरवलं होतं, आणि त्यांच्या डबीने ते पुन्हा मागून घेतलं होतं. ते पुलाच्या आतल्या आत आठव्या कार्डाकडून नवव्याकडे गेलं होतं. फक्त त्या-त्या रुग्णाच्या डबीला उघडेल असं कुलूप संदेशाला लावायचं काम कार्डच करत असल्यामुळे नवव्या कार्डाने त्याला चौगुल्यांचं कुलूप लावलं आणि तासगावला रवाना केलं. डबीने उच्चार वाचले आणि आपल्याकडे असलेल्या आवाजात म्हटले.

त्याने मागचे पाच आठवडे तपासले. अशी सात पुडकी निघाली. बाकीची सहा ‘हो’, ‘बरं’, ‘नंतर बघू’ अशी होती. चौगुल्यांच्या घरी ती कुणाच्या लक्षातही आली नसतील.

मग त्याने जे करायची त्याला परवानगी नव्हती ते केलं. हळबेबाईंच्या मशीनमध्ये शिरून त्याने त्या दुपारचं त्यांचं सगळं बोलणं वाचलं. बाई मूळच्या गुहागरच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, सांगलीत एकट्या राहत. रविवारी त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. बहीण म्हणाली असावी, की आता तरी गावाकडे ये. बाई म्हणाल्या होत्या, इथे समुद्र नाही, माडाची सावली नाही, इतकी वर्षं नुसती काढली, जीव कधी लागलाच नाही. त्या सांगली शहराबद्दल बोलत होत्या.

मग त्याने नऊ रुग्णांना नेहमीच्या देखभालीचा निरोप धाडला, दोन तास सर्व्हर बंद केला, खोक्यातला जोडबोर्ड बसवला, नववं कार्ड त्यावर नेलं आणि ती ओळ पुसली. गटांची यादी पुन्हा काढली. आता आठवं कार्ड सतराव्या गटात होतं, नववं बाविसाव्यात. सगळं जसं अर्जात लिहिलं होतं तसं झालं होतं. तक्रारीच्या कागदावर त्याने लिहिलं: तपासणी केली, तांत्रिक दोष आढळला नाही.

तो आता आढळलाही नसता.

पुढचे दिवस त्याने फार मन लावून काम केलं. घरी सुप्रियाने दोनदा विचारलं, की तू असा गप्प का? त्याने एकदा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, एकदा काहीच सांगितलं नाही. फ्रिजवरचा फोटो त्याने काढला नाही, कारण काढला असता तर तिने कारण विचारलं असतं. पाण्याची बाटली घ्यायला गेलं की चौगुल्यांच्या हातात अडकलेला आपला हात त्याला दिसायचा.

चौगुल्यांच्या मशीनच्या नोंदी रोज त्याच्यासमोर येत. शब्द तो वाचत नव्हता, फक्त किती उच्चार झाले तो आकडा. आधी ते दिवसाला चार-पाच हजार उच्चार करायचे. तक्रारीनंतर हजारावर आले, मग शंभरावर. शेवटी एका दिवशी अकरा झाले. मनातलं चुकून निसटेल म्हणून ते डबी बंदच ठेवतात, असं पुतण्याने केंद्रात सांगितलं. झोपायच्या आधी तर ते ती कपाटात टाकून कपाटाला कडी लावायचे.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा अर्ज आला. चकती काढून टाका. डॉ. जमदग्नींनी त्यांना दोनदा बोलावून सांगितलं, की काढल्यावर त्या जागी वण धरतो आणि पुन्हा बसवता येत नाही, वाचा कायमची जाईल. चौगुल्यांनी लिहून दिलं, की चालेल.

त्या दिवशी दुपारी अभिनंदन रजा टाकून भिलवडीला गेला.

छायाकाकू भावाच्या शेडमध्ये बेदाणा निवडत बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि आधी एकच विचारलं, की ह्यांना काही झालं का? त्याने नाही म्हटलं. मग उभ्याउभ्याच, एका दमात, सगळं सांगून टाकलं. कार्ड, गट, ती ओळ, अर्जावरची खूण, दुसऱ्या बाईंचं वाक्य. ते वाक्य एका गावाबद्दल होतं, हेही सांगितलं. त्याला वाटलं होतं, काकू चिडतील, कदाचित शिव्या देतील. त्यासाठी तो तयार होऊन आला होता.

काकू चिडल्या नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“त्यांचं न्हवतं?” त्यांनी विचारलं.

“नाही काकू.”

“मी त्याला उत्तर दिलं, दादा.” त्या बेदाण्याकडे बघत म्हणाल्या. “मी म्हनले, माझाबी न्हाई लागला. ताट खाली ठेवलं आणि म्हनले. त्यांनी सांगितलं न्हाई तुम्हास्नी?”

चौगुल्यांनी सांगितलं नव्हतं. तक्रारीत नाही, डॉक्टरांसमोर नाही, पुतण्याजवळही नाही.

काकू बोलू लागल्या. रागात म्हटलं असं त्या म्हणाल्या नाहीत. विसाव्या वर्षी लग्न झालं. माणूस चांगला, हात उगारणारा नाही, पिणारा नाही. सगळं केलं त्याचं, आजारपणात तर तोंडात घास घातला. पण ते एक आतून यायचं असतं ते आलं नाही, आणि ते त्यांनी कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. त्या दुपारी नवऱ्याने आपणहून म्हटलंय असं वाटलं आणि चाळीस वर्षांचं झाकण निघालं. त्यांना तर एक क्षणभर सुटल्यासारखंही झालं होतं, दोघांचं सारखंच आहे म्हणून.

“आता त्यांना वाटतंय, मी घायाळ हून बोलले,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खरं सांगितलंत तर माझं एकटीचंच ऱ्हाईल, दादा. नका सांगू त्यांना.”

परत येताना बसमध्ये अभिनंदनला खिडकीची जागा मिळाली. पलूसच्या पुढे उसाचे फड सुरू झाले, आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हलकं वाटतंय. गप्प राहायचं कारण आता त्याच्याकडे होतं. ते कारण एका बाईच्या अब्रूचं होतं आणि त्यात त्याची नोकरीही सहज मावत होती. हे लक्षात आल्यावर मात्र त्याला बसमधल्या माणसांकडे बघवेना. तो मिरजेपर्यंत मान खाली घालून बसला.

तो आणखी दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेचे कागद त्याच्या टेबलावर आले. त्यात एक सही त्याची हवी होती. ‘रुग्णाची तक्रार यंत्रातील दोषामुळे उद्भवलेली नाही, याची खात्री केली आहे.’ त्याने पेन उघडलं, आणि सहीच्या जागेवर टेकवलं देखील. शाईचा एक ठिपका उमटला. चौगुल्यांचे ते अकरा उच्चार कोणते असतील, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याने पेन बंद केलं.

त्याने छायाकाकूंना फोन लावला आणि सांगितलं, की उद्या सकाळी मी चौगुले काकांना सगळं सांगणार आहे. तुम्ही जे सांगितलं त्यातलं अक्षरही माझ्या तोंडून जाणार नाही. पण माझं मला सांगावंच लागेल, नाहीतर ते कायमचे मुके होतील.

“मग मी येते,” काकू म्हणाल्या. “माझ्यासमोर सांगा.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता डॉ. जमदग्नींच्या खोलीत चौघं बसले. चौगुल्यांनी डबी लावली होती, पण तिच्यावर हात ठेवला होता. काकू त्यांच्यापासून एक खुर्ची सोडून बसल्या. अभिनंदनने कार्डापासून सुरुवात केली. मग त्याने ओळ, अर्ज आणि दुसरीकडून आलेलं वाक्य सांगितलं. डॉक्टर मध्येच उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत येऊन बसल्या. यंत्र वाक्यं रचत नाही असं आपण या माणसाला याच खोलीत सांगितलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चौगुल्यांनी डबीवरचा हात काढला.

“त्यातला एक शब्दबी माझा न्हवता?”

“एकही नाही, काका.”

“मनातला बी न्हाई?”

“नाही. तुम्ही त्या वेळी काहीच बोलत नव्हता. मनातसुद्धा नाही.”

चौगुल्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या छातीवरची डबी श्वासाबरोबर वर-खाली होत होती. काकू अचानक बोलल्या. कुणी विचारलं नव्हतं.

“पन माझं माझंच हुतं,” त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. “मी म्हनले ते.”

“ठावं हाय,” चौगुले म्हणाले. डोळे अजून मिटलेले होते. “लग्न झाल्या-झाल्याच कळलं हुतं मला. म्हनूनच तर मला खरं वाटलं, की मीबी कवातरी मनात तसं म्हनलो आसंन. तुझ्यावर उलटं टाकायला.” मग त्यांनी डोळे उघडले. “तुमी दोघं जरा भाईर थांबा. मला हिच्याशी बोलायचं हाय.”

डॉक्टर आणि अभिनंदन बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. डॉ. जमदग्नींनी विचारलं, की मला जिन्यात का नाही सांगितलंस? एवढं साधं उत्तर होतं की ते तोंडातून निघत नव्हतं. सगळ्यांना तो हुशार वाटावा, एवढंच.

अर्ध्या तासाने दार उघडलं. काकू आधी बाहेर आल्या आणि जिन्याकडे गेल्या. चौगुले काठी टेकत अभिनंदनसमोर थांबले. हात पुढे केला नाही.

“ती वळ तुमी सर्व्हरात घातली, ते मी समजू शकतो,” ते म्हणाले. “मीबी नोकरी केलीय. वेळेत गाडी सोडायची आसती, मानूस कायबी करतो. पन मी तक्रार घिऊन आलो, त्या सोमवारीच तुमाला कळलं हुतं. तीन आठवडे मी सोताच्या मनाला भ्यालो. ते तुमी बघत हुता.”

अभिनंदनने माफी मागायला तोंड उघडलं. चौगुले तोवर वळले होते.

चकती काढायची शस्त्रक्रिया रद्द झाली. छायाकाकू त्या दिवशी भिलवडीलाच परत गेल्या. दिवाळी झाल्यावर त्या तासगावला राहायला आल्याचं अभिनंदनला पुढे पुतण्याकडून कळलं. खोलीत दोघं काय बोलले ते कुणाला समजलं नाही. चौकशी झाली. राज्यातल्या अशा आणखी तीन केंद्रांच्या सर्व्हरवर तीच ओळ सापडली, आणि तिन्ही ठिकाणी सातव्या प्रश्नापुढे ‘होय’वर खूण होती. एकाने दुसऱ्याला विचारलं नव्हतं, प्रत्येकाने आपापलं ठरवलं होतं. अभिनंदनची नोकरी गेली. सुप्रियाला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, सांगितलंस ते बरं केलंस. पण मला सगळ्यात शेवटी सांगितलंस.

जायच्या आधी एक काम उरलं होतं. शैलजा हळब्यांना सांगायचं होतं, कारण सात वाक्यं त्यांची होती आणि ती परक्या घरात ऐकली गेली होती. डॉ. जमदग्नी पत्र पाठवणार होत्या. अभिनंदनने विनंती केली की मी स्वतः जातो.

बाईंचं घर विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर होतं. त्यांनी त्याला आत घेतलं, शांतपणे सगळं ऐकलं. उंच, सडपातळ बाई. बोलायच्या आधी त्या किंचित थांबायच्या, पण त्यांच्या डबीतला आवाज स्वच्छ होता, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारखा. त्यांनी विचारलं, कुठली सात वाक्यं? त्याने लिहून आणलेला कागद काढला आणि एकेक वाचलं. ‘हो’, ‘बरं’ यावर त्या हसल्याही. सातवं वाक्य वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, की त्याने काय घडलं. त्याने नाव न घेता सांगितलं, की एका बाईंना वाटलं, नवरा आपल्याबद्दल असं म्हणाला.

“अरे देवा,” शैलजाबाई म्हणाल्या. “मी सांगलीबद्दल बोलत होते.”

“हो, मला माहीत आहे,” अभिनंदन म्हणाला.

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्या थोडं पुढे वाकल्या.

“तुम्हाला कसं माहीत?”

पंखा फिरत होता. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी भाजी पुकारत गेलं. आपण सगळं सांगून झालो आहोत, असं गेला महिनाभर अभिनंदनला वाटत होतं. डॉक्टरांना, चौकशीत, सुप्रियाला, सगळीकडे त्याने कार्डाबद्दल सांगितलं होतं, अर्जाबद्दल सांगितलं होतं. त्या दुपारी तो यांच्या मशीनमध्ये शिरला आणि बहिणीशी झालेलं त्यांचं अख्खं बोलणं वाचत बसला, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

त्याने तेही सांगितलं.

शैलजाबाईंनी ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने छातीवरची डबी काढली, बंद केली, आणि टेबलावर पालथी ठेवली. तो जिना उतरेपर्यंत त्यांनी ती पुन्हा लावली नाही.